उपासाचं ताट अमेरिकेचं! मग पाचशे वर्षांपूर्वी एकादशीला काय खात होते?

कणगर

आषाढी जवळ आली की घरात साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, रताळी, हिरव्या मिरच्या आणि राजगिऱ्याचे लाडू यांची यादी निघते. यातली एकूण एक वस्तू मूळची अमेरिका खंडातली आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकासुद्धा. कोलंबस १४९२ ला तिकडे पोचला, वास्को द गामा १४९८ ला कालिकतला उतरला, गोवा पोर्तुगीजांच्या हाती १५१० ला गेलं. म्हणजे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळात पंढरीच्या वाटेवर यातलं काहीही नव्हतं. ताटातून हे सगळं वजा केलं तर उरतात वरीचे तांदूळ, शिंगाडा, सुरण, केळी, नारळ, दूध-दही-तूप आणि जिरे.

माझे दोन प्रश्न आहेत. तेव्हाचे लोक उपासाला नेमकं काय खात? आणि हा दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: हे आपल्याला कळतं कसं? 'अमुक गोष्ट तेव्हा नव्हती' हे इतिहासकार कशाच्या जोरावर म्हणतात? असलेल्या गोष्टीचा पुरावा दाखवता येतो, नसलेल्या गोष्टीचा कसा दाखवायचा?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी उत्तरं भरपूर वाचली आहेत. इथे जाणकार आहेत, म्हणून विचारतोय.

रुमालवाचक

फार चांगला प्रश्न. पहिल्या भागापासून सुरुवात करतो.

व्रतांबद्दलचं सगळ्यात मोठं भांडार म्हणजे हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणि'. हेमाद्री देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याच्या व्रतखंडात व्रतांचा समुद्र आहे. पुढे १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' लिहिला, जो आजही पंचांगकर्त्यांच्या हाताशी असतो. अशा निबंधग्रंथांतून, म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनांतून, 'हविष्यान्न' म्हणजे व्रताला चालणाऱ्या अन्नाच्या याद्या येतात. एका प्रसिद्ध यादीत तांदूळ, मूग, तीळ, जव, वाटाणा, राळा, देवभात, कंद, सैंधव, दही, तूप, दूध, फणस, आंबा, हिरडा, पिंपळी, जिरे, चिंच, केळं, आवळा आणि गूळ सोडून उसाचे पदार्थ आहेत. तेलात शिजवलेलं नको असंही त्यात आहे.

यात तांदूळ आणि मूग आहेत हे लक्षात घ्या. आज एकादशीला दोन्ही वर्ज्य. कारण 'व्रताचं अन्न' आणि 'एकादशीचा उपास' या वेगळ्या पायऱ्या होत्या. एकादशीला मूळ अपेक्षा निराहाराची. ते झेपत नसेल तर दूध, फळं, कंदमुळं. तेही नसेल तर एकवेळ हविष्यान्न. आज आपण मधल्या पायरीवर उभे आहोत आणि तीच खूप रुंद करून घेतली आहे.

पण एक सावधगिरी. हे सगळे विधिनिषेधाचे ग्रंथ आहेत. काय खावं ते सांगतात, लोक काय खात होते ते नाही. हेमाद्रीवरून 'यादवकाळात गावोगाव लोक असं खात' असं कुणी लिहिलं तर ते घाईचं विधान होईल. ग्रंथकाराला एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा निषिद्ध ठरवावी लागते तेव्हा लोक ती सर्रास करत असण्याचीच शक्यता जास्त.

मांडवीकाठ

मिरचीबद्दल गोव्यातून लिहिते.

१५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा. हिंदुस्थानातल्या औषधी आणि मसाल्यांवरचे संवाद असं त्याचं स्वरूप. भारतात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. ओर्ता १५३४ ला इथे आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं. हा माणूस आंबा, फणस, हिंग, वेलची, मिरे सगळ्यांवर लिहितो. काळे मिरे, पांढरे मिरे, पिंपळी यांची चर्चा करतो. पण मिरचीला त्याने प्रकरण दिलेलं नाही.

यावरून काहीजण म्हणतात की १५६३ पर्यंत गोव्यात मिरची नव्हतीच. मला हे पटत नाही. ओर्ताचा विषय होता पौर्वात्य औषधी. ज्या गोष्टी युरोपला नीट माहीत नाहीत किंवा ज्यांच्याबद्दल जुन्या ग्रीक-अरब ग्रंथांत घोळ आहेत त्या तो सोडवतोय. मिरची युरोपात स्पेनमार्गे आधीच पोचली होती. ती त्याच्या विषयात बसतच नव्हती, मग त्याच्या मौनाला किती किंमत द्यायची?

म्हणजे कणगर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. कुणी गप्प आहे एवढं पुरत नाही. त्याने बोलणं अपेक्षित होतं का, ते आधी तपासावं लागतं.

रुमालवाचक

@मांडवीकाठ, हेच मनात होतं. याच्या शेजारी अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलचा 'आइन-ए-अकबरी' ठेवून पाहा. १५९० च्या दशकातला. त्यात बादशाही मुदपाकखान्यातले पदार्थ साहित्याच्या वजनासकट दिले आहेत, फळांच्या किमती दिल्या आहेत. त्या फळांत अननस आहे. म्हणजे अमेरिकेतून आलेली नवी वस्तू टिपायला त्याची ना नव्हती. पण पदार्थांत तिखटासाठी मिरे आणि आलं आहे, मिरची नाही. हे मौन ओर्ताच्या मौनापेक्षा कितीतरी वजनदार आहे, कारण इथे यादीच स्वयंपाकाची आहे. अर्थात ती बादशाही दरबारापुरती. कोकणातल्या कोळणीच्या पाट्यावर तेव्हा काय वाटलं जात होतं, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

पूर्वपक्ष

मी थोडा विरुद्ध बाजूने बोलतो. हे सगळं 'कोलंबसाच्या आधी संपर्क नव्हता' हे गृहीत धरून चाललंय. म्हैसूरजवळ सोमनाथपूरला होयसळ राजांच्या काळातलं केशवमंदिर आहे, तेराव्या शतकातलं. तिथल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत. फोटो पाहिले आहेत, दाण्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. भारहूतच्या स्तूपावर, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात, सीताफळासारखं फळ कोरलेलं आहे आणि ते खुद्द पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८७९ मध्ये सीताफळ म्हणून ओळखलं. सीताफळही अमेरिकेतलंच मानतात. मग दगडात कोरलेला पुरावा बाजूला का ठेवायचा? युरोपीय कागद खरे आणि आपलं शिल्प खोटं, असं का?

खापरखूण

@पूर्वपक्ष, प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर गंभीरपणेच द्यायला हवं. मी पुरातत्त्वाच्या बाजूने सांगते.

होयसळ मक्याचा दावा १९८९ मध्ये कार्ल जोहानेसन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने सहलेखिकेबरोबर मांडला. तो कुणी हसण्यावारी नेला नाही. पायक आणि सचन या भारतीय मकातज्ज्ञांनी १९९३ मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिलं. त्यांच्या मते ती वस्तू म्हणजे मुक्ताफळ, मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ. होयसळ शिल्पी मणी, मोती, कंठे कोरण्यात किती रमत ते तिथलं कुठलंही शिल्प पाहिलं की कळतं. म्हणजे 'दाण्यांच्या रांगा' हा पुरावा दोन्हीकडे लागू पडतो.

मग पुढे जायचं कसं? शिल्पातलं साम्य हा प्रश्नाचा आरंभ असतो, उत्तर नव्हे. मका तेव्हा पिकत असेल तर त्याने इतर खुणाही ठेवल्या असत्या. कणसाचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढल्यावर उरणारा दांडा, टणक असतं, चुलीत जळून कोळसा झालं तर मातीत शेकडो वर्षं टिकतं. मक्याचे परागकण मोठे आणि ओळखू येणारे असतात. पानांत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, ते पान कुजलं तरी राहतात. उत्खननातली माती पाण्यात खळबळून वर तरंगणारे जळके दाणे गोळा करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचे जव, मसूर, कुळीथ, बोराच्या आठळ्या मिळाल्या. एवढ्या जुन्या आणि नाजूक गोष्टी टिकतात, तर तेराव्या शतकात दक्षिणेत मका एवढा रुळलेला असेल की देवाच्या हाती द्यावा, तर त्याची बुरकुंडं गेली कुठे? शिवाय एवढ्या मोठ्या पिकाचा उल्लेख करातही नाही, दानलेखातही नाही आणि वैद्यकाच्या निघंटूत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशातही नाही.

याला 'युरोपीय कागद विरुद्ध आपलं शिल्प' म्हणता येणार नाही. इथे आपलंच शिल्प, आपलीच माती आणि आपलेच शिलालेख एकमेकांसमोर ठेवले आहेत, आणि माती व शिलालेख एका बाजूला पडतात.

दुसरी बाजूही सांगते. हरियाणातल्या फरमाणा इथे हडप्पाकालीन भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर हळद आणि आल्याचे पिष्टकण मिळाले. त्या संस्कृतीची लिपी आपल्याला अजून वाचता येत नाही. एक अक्षर न वाचता चार हजार वर्षांपूर्वीच्या जेवणात हळद-आलं होतं हे कळलं. त्यामुळे उद्या कुणाला पक्क्या थरात, पक्क्या कालमापनासह मक्याचा दाणा सापडला तर सगळे मत बदलतील. अट एवढीच, की दाणा त्याच थरातला हवा. उंदरांची बिळं आणि नांगर यांनी वरचे दाणे खाली जातात, म्हणून आता दाण्याचंच रेडिओकार्बन मापन करून घेतात.

पूर्वपक्ष

थराचा मुद्दा पटला. मुक्ताफळाचा पूर्ण पटला नाही, पण बुरकुंडांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. सीताफळाचं काय?

खापरखूण

तिथेही तीच कसोटी. खवल्यांचं फळ कमळाचं बोंड असू शकतं, फणस असू शकतो, शिल्पीची कल्पना असू शकते. चित्रावरून झाड ओळखताना पान, देठ आणि फांदीला फळ कसं लागलंय हेही जुळलं पाहिजे. नुसतं फळ जुळवून काहीही सिद्ध करता येतं.

ठुशी

'नव्हतं' हे सिद्ध करण्याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे नथ. परशुराम कृष्ण गोडे हे भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर, १९१९ पासून १९६१ पर्यंत. त्यांनी आयुष्यभर असेच प्रश्न विचारले: जिलबी कधीची, शोभेचं दारूकाम कधीचं, हरभरा कधीचा, मेंदी कधीची. त्यातला एक निबंध नथीवर आहे.

आपल्याला नथ अनादि वाटते. देवीला नथ, गौरीला नथ. पण सांची, भारहूत, अजिंठा, वेरूळ बघत चला. बायकांच्या अंगावर दागिन्यांची रेलचेल आहे. कानात, गळ्यात, दंडात, कमरेत, पायात, केसांतसुद्धा. फक्त नाक मोकळं. अमरकोशात दागिन्यांचे शब्द आहेत, नाकातल्या दागिन्याला शब्द नाही. गोड्यांना इ.स. १००० च्या आधीचा खात्रीचा पुरावा मिळाला नाही. इतिहासकार अ. स. आळतेकरही याच मताचे होते.

हे मौन पक्कं का? कारण इथे बोलणारे हजारो आहेत, वेगवेगळ्या प्रदेशांतले, हजार वर्षांत पसरलेले, आणि सगळ्यांचा विषय बाईचा शृंगारच आहे. एक शिल्पी नथ विसरेल. सगळे शिल्पी आणि सगळे कवी एकत्र विसरणार नाहीत. ओर्ताच्या मौनाशी हे ताडून पाहा म्हणजे दोन्हींतला फरक कळेल.

मला गोड्यांबद्दल फार आदर आहे. राजे आणि लढाया यांच्यावर लिहिणारे खूप होते. बाईच्या नाकातल्या दागिन्यासाठी आणि हलवायाच्या कढईसाठी शेकडो हस्तलिखितं चाळणारा माणूस विरळा. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी पोथीची तारीख आधी पक्की केली, मग मजकूर वापरला.

सरस्वतीमहाल

तंजावरहून. @ठुशी यांनी जिलबी काढली म्हणून लिहितो. गोड्यांनी ज्या पोथ्यांचा उपयोग केला त्यांतली एक आमच्या इथली आहे, रघुनाथसूरीचं 'भोजनकुतूहल'. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा मराठी पंडित, आश्रय एकोजीराजांची राणी दीपाबाईंचा. धान्यं, भाज्या, पक्वान्नं आणि त्यांचे गुणदोष असा संस्कृत ग्रंथ. त्यात जिलबीची कृतीच आहे. म्हणजे जिलबीची तारीख एका बाजूने बंद होते: याच्या नंतरची नाही. याहून जुना उल्लेख १४५० च्या सुमाराच्या एका जैन कथेत मिळतो, म्हणून ती मर्यादा आणखी मागे सरकते. इतिहासकार अशा गोष्टींना एक साल क्वचितच देतात. 'याच्या आधीची नाही, याच्या नंतरची नाही' असे दोन खुंट ठोकतात आणि मग अंतर कमी करत जातात.

दुसरी एक गोष्ट. इथल्या तमिळ ब्राह्मण घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची आणि बटाटा चालत नाही. तिखटाला मिरे. जगन्नाथपुरीच्या महाप्रसादातही बटाटा, टोमॅटो, हिरवी मिरची नसते. पितरांचा आणि देवाचा स्वयंपाक जुना राहिला, रोजचा बदलला. लिहिलेलं काहीच नसलं तरी अशा चालीरीतींतून जुनं ताट डोकावतं.

कणगर

@सरस्वतीमहाल, मग इथेच तर कोडं आहे! श्राद्धाने नवे पदार्थ बाहेर ठेवले आणि उपासाने नेमके तेच आत घेतले. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, इतका जुना नियम. त्या ऋषीच्या भाजीतही मक्याची कणसं आणि लाल भोपळा असतो, आणि दोन्ही अमेरिकेतले. असं का व्हावं?

रुमालवाचक

मला दिसतं ते असं. श्राद्धाचा नियम 'हे हे वाढावं' असा आहे, म्हणून नव्या वस्तूला दार बंद. एकादशीचा नियम 'अन्न नको' असा आहे, आणि अन्न म्हणजे मुख्यतः धान्य. बटाटा, रताळं आले ते कंद म्हणून आत गेले. राजगिरा गवतवर्गीय धान्य नाही. निषेधाच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं, कारण यादी झाली तेव्हा ते इथे नव्हते. हा माझा तर्क आहे. टोमॅटो अनेक घरांत चालत नाही, ते या तर्कात बसत नाही, त्यामुळे तो तेवढ्यापुरताच धरा.

सातासमुद्रापार

राजगिऱ्यावरून एक भर. मेक्सिकोत 'आलेग्रिया' नावाची वडी मिळते, फुलवलेला राजगिरा आणि मध किंवा गूळ. आपल्या राजगिऱ्याच्या वडीशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही. अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून प्रसाद म्हणून वाटून खात, स्पॅनिश पाद्र्यांनी ते बंद पाडलं. तिथेही धर्माशी जोडलेला आणि इथेही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. दोन्हींचा काही संबंध असेल?

खापरखूण

साम्य सुंदर आहे, पण संबंध दाखवायला मधले दुवे लागतील. बी जहाजातून आलं, पण बियाबरोबर अ‍ॅझ्टेक विधी आणणारं कुणी आलं नाही. लाह्या फोडून पाकात वळणं आपल्याकडे तीळ, साळीच्या लाह्या यांच्याबरोबर आधीपासून होतंच. माठ-तांदुळजाही आपल्याकडे जुने, त्यामुळे नवं रोप ओळखीच्या कुळातलं वाटलं असणार.

गुळाची ढेप

साबुदाण्याचा इतिहास कुणीच सांगितला नाही. माझं आजोळ व्यापारातलं, म्हणून या विषयाची आवड.

खरा साबुदाणा म्हणजे आग्नेय आशियातल्या साबूच्या ताडाच्या गाभ्याचा सत्त्वांश. तो मलाया-सिंगापूरकडून मुंबई बंदरात उतरायचा. एकोणिसाव्या शतकात तिकडे टॅपिओकाची लागवड वाढली आणि त्याचेही मोती तिकडूनच येऊ लागले. आपल्याकडे त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी, राज्यकाल १८८० ते १८८५, टॅपिओकाच्या लागवडीला जोर दिला. मग दुसरं महायुद्ध आलं, मलाया जपानच्या ताब्यात गेला, माल बंद. १९४३ च्या सुमारास तमिळनाडूत सेलम भागात टॅपिओकापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली आणि आज आपल्या खिचडीतला बराचसा साबुदाणा तिथलाच.

म्हणजे 'साबुदाणा उपासाला चालतो' हे ज्या काळात ठरलं त्या काळी पोत्यात कदाचित ताडाचा माल होता. पुढे पोत्यातली वस्तू बदलली, नियम तोच राहिला.

मांडवीकाठ

@गुळाची ढेप, हे तर फारच मोलाचं. बटाट्याचंही असंच सांभाळून बघावं लागतं. १६१६ मध्ये आलेला, इंग्रज वकील थॉमस रोचा पाद्री एडवर्ड टेरी असफखानाच्या मेजवानीत 'पोटॅटो' होते असं लिहितो. पुष्कळ ठिकाणी तो भारतातल्या बटाट्याचा पहिला उल्लेख म्हणून दिलेला असतो. पण त्या काळच्या इंग्रजीत तो शब्द रताळ्यालाही वापरत. एवढ्या एका वाक्यावर बटाटा उभा करता येत नाही.

उलट तंबाखूचं बघा. असद बेग हा मोगल वकील विजापूरला गेला, तिथे त्याला तंबाखू दिसला, १६०४ च्या सुमारास त्याने तो चिलमीसकट अकबराला नजर केला, हकिमांनी वाद घातला, हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदीही घातली. दरबारी वस्तूला साक्षीदार मिळतो. मिरची आणि शेंगदाणा गरिबाच्या वाटेने आले, त्यांना तो मिळाला नाही.

पूर्वपक्ष

मिरची मराठ्यांच्या फौजांबरोबर उत्तरेत गेली, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. याला काय आधार?

रुमालवाचक

विधान मोहक आहे. अठराव्या शतकात फौजा उत्तरेत होत्या हे खरं, आणि उत्तरेतल्या स्वयंपाकात मिरची उशिरा दिसते हेही. पण दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. बाजारबुणगे, वंजारी, गोसावी, सुरतेचे व्यापारी हेही त्याच वाटांवर होते.

शोधायचं असेल तर जागा आहे. पुणे पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. छापील निवडी ज्यांनी काढल्या त्यांचा कल राजकारणाकडे होता, कोठीचे आणि मुदपाकाचे हिशेब बहुतेक मोडी लिपीतच, न छापलेले पडून आहेत. रोजकीर्दीत जिन्नस, वजन, भाव आणि तिथी असते. छावणीच्या हिशेबात अमुक तिथीला अमुक मुक्कामी इतक्या मिरच्या खरेदी, अशी एक ओळसुद्धा दहा तर्कांपेक्षा जड. मोडी शिकलेली तरुण मुलं आता वाढतायत. त्यांनी जाहीरनामे आणि सनदांबरोबर हे कंटाळवाणे कागदही वाचावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गुळाची ढेप

आमच्या आजोळी किराणा दुकानाच्या जुन्या वह्या आहेत. काही मोडीत, काही बाळबोध. साबुदाणा कुठून आला ते त्यात असू शकेल. फोटो टाकू का?

रुमालवाचक

जरूर टाका. फक्त नुसती साबुदाण्याची ओळ नको. वहीचं पहिलं पान, शेवटचं पान आणि त्या ओळीचं अख्खं पान टाका. शक किंवा संवत पहिल्या पानावर असेल, आणि हात मध्येच बदललाय का ते शेवटच्या पानावरून कळेल. वह्या ऊन आणि ओल यांच्यापासून दूर ठेवा, सेलोटेप अजिबात लावू नका. मोडी मी वाचून देतो.

कणगर

@गुळाची ढेप, फोटोंसाठी वेगळा धागा काढा, इथे दुवा द्या. आणि जमलं तर त्याच वह्यांत शेंगदाण्याची पहिली नोंद कुठल्या सालची आहे तेही बघा.